एकमताने मंजूर

३ फेब्रुवारी

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तू ‘बरं, ठेवते’ याच्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. विषय महत्त्वाचा आहे, तेव्हा चहा घेऊन शांतपणे वाच.

गेल्या महिन्यात आमच्या लिफ्टच्या कंपनीने मनुष्यबळ विभागातल्या आम्हा सगळ्यांना दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं होतं. तिथे एका बाईंचं व्याख्यान झालं. त्या म्हणाल्या, ज्या घरातली माणसं आठवड्यातून एकदा ठरवून एकत्र बसतात आणि ठरवून बोलतात, त्या घराची वीण घट्ट राहते. मी टिपून घेतलं. त्या संध्याकाळी घरी आलो तर तिघं तीन ठिकाणी जेवत होती. चिमणी आपल्या खोलीत कानात बोळे घालून, बाबा भिंतीकडे तोंड करून, आणि ही ओट्यापाशी उभ्या उभ्या. माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी आलोय हे कुणाला कळलंही नाही.

तेव्हाच ठरवलं. आता दर रविवारी सकाळी दहा ते अकरा आपल्याकडे कुटुंबसभा असते. मी अध्यक्ष, ही उपाध्यक्ष, चिमणी सचिव. (ती एकोणीस वर्षांची झाली, तुझ्या लक्षात नसेल म्हणून सांगतो.) बाबा सल्लागार. एका वेळी एकानेच बोलावं म्हणून नियम केलाय: ज्याच्या हातात उलथनं, त्याने बोलायचं. विषयपत्रिका मी शनिवारी फ्रिजवर लावतो.

पहिली सभा छान झाली. बाबांनी मत मांडलं नाही. त्यांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकून दिलंय. पण तासभर बसले, सगळ्यांकडे नीट बघत होते. तेवढंही पुष्कळ आहे.

तूही या घरचीच आहेस. म्हणून सभेचं इतिवृत्त तुला पाठवत जाईन. तिथून सूचना कर.

तुझा,
धाकटा

*

९ फेब्रुवारी

चि. धाकट्या, नव्हे, माननीय अध्यक्षमहाराज,

आशीर्वाद. चहा घेऊन वाचलं. चहा वाया गेला.

एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक म्हणून बसतेय मी. माणसं बोलतात, मी टिपते. आमच्याकडे कोण येतं, माहीत आहे? ज्यांना घरात एकमेकांशी बोलता आलं नाही ती माणसं. मग त्यांना अध्यक्ष लागतो, सचिव लागतो, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसवणारा शिपाई लागतो. लोक नाक मुठीत धरून कोर्टाची पायरी चढतात, आणि तू हौसेने कोर्ट घरी आणलंस. शाबास.

उलथन्याचं तर विचारूच नकोस. उलथनं ज्याच्या हातात त्याने बोलायचं, हा नियम खरा असता तर गेली वीस वर्षं तुझ्या घरात फक्त तुझी बायको बोलली असती. उपाध्यक्षबाईंनी सभा संपल्यावर चहाचे कप विसळले की त्यासाठी उपसमिती नेमलीस?

आणि बाबा सल्लागार! ज्याला ऐकू येत नाही असा सल्लागार मिळणं हे तुझ्यासारख्या अध्यक्षाचं भाग्यच. पंचेचाळीस वर्षं त्या माणसाने लोकांच्या कवळ्या बनवल्या. अर्ध्या शहराला दात दिले. घासणीच्या मोटारीने त्यांचे कान खाल्ले, आणि उरलेल्या माणसाला आता तू दर रविवारी तासभर खातोस.

तू लहानपणी चार गोट्या हातात आल्या की त्यांचीसुद्धा रांग लावायचास आणि मग खेळायचं विसरून जायचास. काही बदललं नाही.

इतिवृत्त जरूर पाठव. आमच्याकडे करमणूक कमी असते.

ताई

*

२४ फेब्रुवारी

ती. ताई,
सा. न.

तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. चिमणी खूप हसली. उलथन्याच्या वाक्याला हीसुद्धा हसली, मग पटकन उठून गॅस बघायला गेली. म्हणजे तुझ्या टोमण्यांमुळे का होईना, घर एकत्र हसलं. हा सभेचाच फायदा आहे, तू मान किंवा मानू नकोस.

सोबत चौथ्या सभेचं इतिवृत्त, चिमणीच्या अक्षरात:

‘उपस्थिती: चार.
विषय १. ओला टॉवेल पलंगावर टाकण्याबाबत. सविस्तर चर्चा झाली.
विषय २. आठवड्यातली एक चांगली गोष्ट प्रत्येकाने सांगणे. उपाध्यक्ष म्हणाल्या, काही नाही. अध्यक्षांनी त्यांना पुन्हा विचार करायला सांगितलं. उपाध्यक्षांनी पुन्हा विचार केला आणि म्हणाल्या, काही नाही.
विषय ३. न्हाणीघराचा नळ. या महिन्यात दुसऱ्यांदा वाहत राहिला. खालच्या मजल्यावरच्या शिक्षकांच्या छताला ओल आली. ते वर येऊन बोलून गेले. सल्लागारांना समज देण्यात आली. त्यांनी मान हलवली.
विषय ४. सचिवांनी इतिवृत्तात ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द वापरू नये, असं अध्यक्षांनी सुचवलं. नेहमीप्रमाणे मान्य झालं.
विषय ५. सल्लागारांना काही महिने बदल म्हणून ताईंकडे राहता येईल का, याबद्दल ताईंचं मत मागवावं.’

उत्तराची वाट बघतो.

तुझा,
धाकटा

*

२ मार्च

अध्यक्षमहाराज,

तुमचं इतिवृत्त मिळालं. असले कागद वाचण्यात माझा जन्म गेलाय, तेव्हा त्याचं मराठीत भाषांतर करून पाठवते.

विषय एक. ‘सविस्तर चर्चा झाली’ म्हणजे एकटाच माणूस बोलला आणि त्याला कुणी थांबवलं नाही. तो माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. टॉवेल अजून पलंगावरच असणार. लावू का पैज?

विषय दोन वाचून मात्र मी कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत खुर्चीत हसत बसले. न्यायाधीशांच्या शिपायाने विचारलं, बाई बरं आहे ना? अरे, रोज सकाळी सहाला उठून प्रयोगशाळेत दिवसाला साठ माणसांचं रक्त काढणारी ती बाई. रविवारी तिला तू टेबलाशी बसवून म्हणतोस, काहीतरी चांगलं सांग. तिने तुझं रक्त काढलं नाही, ही आठवड्यातली चांगली गोष्ट होती. लिहून घे.

विषय तीन. ‘समज देण्यात आली’ म्हणजे बाबांच्या कानाशी तोंड नेऊन तू ओरडलास, आणि खालच्या शिक्षकांनाही ते ऐकू गेलं. बहिऱ्यावर ओरडून आपण खंबीर आहोत असं वाटतं अनेकांना. तुला त्यासाठी वेगळं शिबिर नको.

विषय चार. पोरगी हुशार आहे. तिने तुला तुझ्याच कागदावर चिमटा काढला आणि तू खाली सही करून मला पाठवलास. तुझ्या घरात डोकं कुणाकडे आहे ते कळलं. तिला माझ्याकडून शाबासकी सांग.

कागद संपत आला. मार्चअखेर म्हणजे इथे कामाचा डोंगर असतो.

ताई

*

१९ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मध्ये बऱ्याच गोष्टी झाल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नळ तिसऱ्यांदा वाहिला. या वेळी पाणी दिवाणखान्यापर्यंत आलं, आणि खाली शिक्षकांच्या पंख्यात उतरून त्यांच्या घरातली वीज गेली. त्यांची म्हातारी आई अंधारात चाचपडत होती. सुदैवाने काही झालं नाही. हिने कामावरून येऊन गुडघ्यांवर बसून सगळं घर कोरडं केलं. बाबा पलंगावर पाय वर घेऊन बसले होते.

त्या आठवड्याच्या सभेत ठराव मांडला. त्याचं इतिवृत्त, हवं तेवढंच:

‘सल्लागारांना ऐकू येत नसल्यामुळे त्यांना व इतरांना धोका आहे. सबब त्यांची व्यवस्था ज्येष्ठ निवासात करावी. मतदान: बाजूने चार, विरोधात कोणी नाही. सल्लागारांनी स्वतः हात वर केला. ठराव एकमताने मंजूर.’

गेल्या शनिवारी मी त्यांना सोडून आलो. सात नंबरच्या बसचा शेवटचा थांबा. जागा स्वच्छ आहे, पुढे बाग आहे, चोवीस तास परिचारिका असते. त्यांच्या खोलीत एक निवृत्त बसचालक आहेत, ते स्वभावाने बडबडे आहेत. बाबांनी बरोबर दोन पिशव्या आणि त्यांची हत्यारांची जुनी पेटी घेतली. पेटी ठेवून जा म्हटलं, तर छातीशी धरून बसले.

निर्णय सगळ्यांनी मिळून घेतलाय, हे लक्षात घे.

तुझा,
धाकटा

*

२३ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अशासाठी, की पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही की माणूस इतका हलकट असूनही इतक्या नीट समास सोडून लिहू शकतो.

बाबांनी हात वर केला! अरे, त्यांना काय ऐकू आलं होतं? टेबलाभोवतीचे तीन हात वर गेलेले दिसले, म्हणून त्यांनीही केला. पहिलीतलं पोर करतं तसं. त्यांना वाटलं असेल, टॉवेलचाच काही ठराव असेल. आणि तू तो हात मोजलास. मोजून लिहून घेतलास. वर मला कळवतोस, ‘स्वतः’.

मी खुन्यांचे खटले टिपलेत. त्यांनासुद्धा शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश विचारतात, तुम्हाला समजलं का? कळत नसेल तर दुभाषा देतात. तू आपल्या बापाला तेवढंही दिलं नाहीस. तुझ्या त्या शिबिरातल्या बाईंना कळव, वीण छान घट्ट झाली, म्हातारा मधून गळून पडला तरी उसवली नाही.

तुझ्या बायकोचं मी समजू शकते, तिचे गुडघे ओले झाले होते. पण तुझी ती सचिव! मी तिला हुशार म्हटलं होतं ते परत घेते. लहानपणी तिचे दुधाचे दात हलायला लागले की ती त्यांच्याकडेच धावायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. त्याच आजोबांना घराबाहेर काढायला तिने हात वर केला, आणि मग बसून वळणदार अक्षरात ‘एकमताने’ लिहिलं. खाण तशी माती. शेवटी तुझीच लेक.

हे पत्रही सभेत वाच. एका हातात उलथनं धरून वाच. ऐकायला आता एक जण कमी आहे, तेव्हा वेळही वाचेल.

ताई

*

२९ एप्रिल

ताई,

वाचलं. सभेतच वाचलं, तू सांगितलंस तसं, शब्द न शब्द. चिमणीच्या परिच्छेदापाशी आलो तेव्हा थांबायला हवं होतं. पण लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही असं मीच तुला लिहिलं होतं, म्हणून थांबलो नाही. ती उठली, वही टेबलावर ठेवली आणि बाहेर गेली. तेव्हापासून ती सभेला बसत नाही. रविवारी सकाळी नऊला घराबाहेर पडते, कुठे जाते सांगत नाही.

आता तू ऐक.

चौथ्या सभेचं इतिवृत्त काढ. फेकलं नसशील तर. त्यात विषय पाच आहे. तू विषय एकवर लिहिलंस, दोनवर लिहिलंस, तीनवर, चारवर लिहिलंस आणि मग तुझा कागद संपला. मी पाच आठवडे वाट बघितली. हिने दोनदा विचारलं, ताईंचं काही आलं का? मी म्हटलं, मार्चअखेर आहे, तिला काम असतं. तुझी बाजू घेतली मी.

तुझ्याकडे दोन खोल्या आहेत. तळमजला आहे. तिथे नळ वाहिला तर पाणी अंगणात जाईल, कुणाच्या पंख्यात नाही. गेल्या सहा वर्षांत तू इकडे दोनदा आलीस, आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट पर्समध्ये घेऊन. बाबांना अंघोळीला पाणी किती गरम लागतं, माहीत आहे? रात्री कितीदा उठतात? डाव्या पायाची नखं ते स्वतः का कापू शकत नाहीत? मला माहीत आहे. तू लांबून थुंकतेस, आणि तुझा नेम चांगला आहे म्हणून तुला वाटतं तू बरोबर आहेस.

मी बावळट आहे. ते मला लहानपणापासून माहीत आहे, तूच सांगितलंयस. पण या घरात मला कुणी आपणहून हाक मारत नव्हतं, ताई. महिना महिना. म्हणून मी फ्रिजवर कागद लावला. दुसरं काही सुचलं नाही. हसायचं तर हस.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. सवय आहे.

धाकटा

*

१२ मे

चि. ताईस,

हे पत्र मीच लिहितोय, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. हात अजून थरथरत नाही.

चिमणी दर रविवारी दहाला इथे येते. सात नंबरच्या बसने, शेवटपर्यंत. तिने मला तुझं शेवटचं पत्र सांगितलं. आधीची मला माहीत होती.

कशी, ते सांगतो. पंचेचाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघत आलो. नवी कवळी बसवली की गिऱ्हाइकाला म्हणायचो, बोला काहीतरी, आणि जीभ कुठे अडते, ओठ कुठे मिटत नाहीत ते बघायचो. कान गेले तेव्हा सहा महिन्यांत कळलं की मला शब्द दिसतात. कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्या माणसासमोर लोक खरं बोलतात, आणि घरात तेवढीच करमणूक होती. तुझ्या भावाला वाचणं अगदी सोपं. तो प्रत्येक शब्द चावून चावून बोलतो, रस मात्र काही निघत नाही.

तेव्हा मी सगळ्या सभा बघितल्या आहेत. नळाची सभाही.

नळ मीच चालू ठेवला होता. तिन्ही वेळा. मला पाण्याचा आवाज येत नाही, आणि मला विसरायला होतं. सूनबाईने गुडघ्यांवर बसून घर पुसलं आणि मला एक शब्द बोलली नाही. मी मदतीला उतरलो असतो तर पाय घसरून तिचं काम वाढलं असतं, म्हणून पलंगावर बसलो. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोलायचं नाही.

मग मतदान. तुझ्या भावाने हात वर केला. सूनबाईने बऱ्याच वेळाने, खांद्यापर्यंत. चिमणीने केला नाही. तुझा भाऊ तिला म्हणाला, सचिवांनी मत नोंदवावं, नाहीतर कारण द्यावं. पोरीचे ओठ नुसते हलत होते, शब्द होत नव्हता. आणखी थोडं ताणलं असतं तर ती रडली असती, आणि मग त्या घरात वर्षभर दोन पक्ष झाले असते, माझ्यावरून. म्हणून मी हात वर केला. ती माझ्याकडे बघत राहिली. तुझा भाऊ म्हणाला, बघ, आजोबाही हो म्हणतात. मी तिला मान हलवून खूण केली. तेव्हा तिने हात वर केला. तिने माझ्याविरुद्ध मत दिलेलं नाही, माझ्या बाजूने दिलं. त्या टेबलाशी माझ्या बाजूने बसलेलं तेवढं एकच माणूस होतं, आणि तू शंभर कोसांवरून नेमकं तिलाच ठोकलंस. ते परत घे. मला लिहून नव्हे, तिला तोंडावर सांगून.

तुझी पत्रं तुझा भाऊ वाचायचा तेव्हा तुझे टोमणे मी त्याच्या ओठांवर बघितले. चांगले होते. रक्ताचा फारच चांगला. मी शेवटपर्यंत बघत होतो. पाचव्या विषयावर काही आलं नाही. कागद संपत आला, म्हणालीस. तुमच्या कोर्टात कागदाची टंचाई असेल. इथे कचेरीत पुष्कळ असतो. सोबत चार कोरे पाठवतोय.

मी बरा आहे. तुम्हा दोघांची पोटं भरावीत म्हणून मी लोकांची तोंडं दुरुस्त करत होतो. तुमची राहून गेली. तो पुढे बसून तोंडाची वाफ दवडतो आणि तू मागे बसून तोंडसुख घेतेस. मला दोन्हीचा कंटाळा आला होता. इथे बरं वाटतं.

बाबा

*

२८ मे

धाकट्या,

परवा रविवारी मी तिकडे जाऊन आले. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू विषयपत्रिका काढली असतीस. बघ, अजूनही हात शिवशिवतात. बाबांचं पत्र सोबत जोडलंय, ते आधी वाच. तुझ्याबद्दल त्यात आहे ते सोसशील, माझ्याबद्दल आहे तेही वाच.

सात नंबरच्या बसमध्ये शेवटी मी आणि वाहक दोघंच उरलो. पोहोचले तेव्हा साडेदहा झाले होते. लांब ओटी आहे, तिच्यावर बाक. बाकावर नऊ-दहा म्हातारी माणसं रांगेत बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी: रुमालाची पुरचुंडी, साबणाची डबी, झाकणाचा पेला. आत त्यांच्या कवळ्या. टोकाला टेबल, त्यावर बाबांची पेटी उघडी. बाबा डोळ्याला भिंग लावून कानशीने एक कवळी घासत होते. समोरची बाई बोळक्या तोंडाने त्यांच्या हाताकडे बघत होती. त्यांनी कवळी धुऊन तिला दिली, म्हणाले, बोला. ती म्हणाली, ‘काय बोलू?’ ते म्हणाले, ‘टोचतंय का?’ ती जिभेने चाचपून म्हणाली, ‘नाही हो!’ आणि खदखदून हसली. बाबाही हसले, धाकट्या. त्यांचे स्वतःचे पुढचे दात अजून आहेत, हे मी विसरले होते.

चिमणी एका खांबाशी त्या बसचालकांबरोबर पत्ते खेळत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘मी तुला जे लिहिलं...’ मी म्हटलं.

‘मला नाही लिहिलंत, आत्या. पप्पांना लिहिलंत, माझ्याबद्दल.’

‘चुकलं माझं.’

‘हो,’ ती म्हणाली आणि पान टाकलं. नंतर पुढचं पान हातात धरून म्हणाली, ‘पप्पा अजून दहाला टेबलाशी बसतात, माहीत आहे? एकटेच. आईने रविवारची ड्यूटी मागून घेतलीय. ते बसतात, विषय वाचतात आणि अकराला उठतात.’ सांगताना ती तुझी नक्कल करणार असं वाटलं. तिने केली नाही. मलाही हसू आलं नाही. त्यावर चांगलं वाक्य सुचलं होतं, तेही बोलले नाही.

बाबांनी मला बघितलं, आणि बाकाच्या शेवटाकडे बोट केलं. मी बसले. एका बाजूला पेला धरलेले आजोबा, दुसऱ्या बाजूला बाकाचा दांडा. पाऊण तास बसले. नंबर आला.

‘तोंडात काही बिघाड आहे?’ बाबांनी विचारलं.

‘नाही.’

‘मग बाकावर कशाला बसलीस?’

‘तुम्हीच बसवलंत.’ मग मी जे ठरवून आले होते ते एका दमात म्हटलं. ‘बाबा, माझ्याकडे चला. तळमजला आहे. दोन खोल्या आहेत. ऑगस्टात मी निवृत्त होतेय. मी दिवसभर घरी असेन.’

त्यांनी कानस खाली ठेवली आणि भिंग काढलं. ‘मी यावं असं तुला वाटतं, की विचारून मोकळं व्हावं असं वाटतं?’

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

‘बोल,’ ते म्हणाले. ‘आवाज नसला तरी चालेल. नुसते ओठ हलव.’

आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रागाने नाही. गिऱ्हाइकाकडे बघायचे तसे, कुठे अडतंय ते शोधत. मला खोटं बोलता येतं, धाकट्या. एकतीस वर्षं ऐकून ऐकून शिकलेय. हो म्हणायला एक अक्षर लागतं. बाकावरची माणसं थांबली होती, चिमणीचा पत्ता हातातच राहिला होता. मी तोंड उघडलं, आणि ते माझ्याच्याने हललं नाही.

बाबांनी मान हलवली. जणू रोग सापडला, आणि तो त्यांच्या पेटीतल्या हत्यारांनी बरा होण्यातला नव्हता.

‘ऊठ आता,’ ते म्हणाले. ‘माझी माणसं खोळंबलीत.’

मी उठले. माझ्या जागी एक आजी येऊन बसल्या आणि रुमालाची गाठ सोडू लागल्या.

ताई